तंबुरा आणि चौका

प्रह्लादसिंग टिपानिया हे माळव्यातले कबीरगायक. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडी गावी, बलाई या दलित जातीत, १९५४ साली त्यांचा जन्म झाला. पोटासाठी त्यांनी सरकारी शाळेत मास्तरकी केली. विशी ओलांडल्यावर तंबुऱ्याचा आवाज कानी पडला आणि मग तो सुटलाच नाही. शबनम विरमाणी यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या ‘कबीरा खडा बाजार में’ या माहितीपटाच्या केंद्रस्थानी ते आहेत. गायकावरच्या माहितीपटाचा एक ठरलेला साचा असतो: बालपण, गुरू, हालअपेष्टा, मानसन्मान आणि शेवटी भरलेले सभागृह. हा चित्रपट त्या वाटेने फार वेळ जात नाही. त्याला पडलेला प्रश्न धर्माचा आहे. कर्मकांडावर कोरडे ओढणारी पदे गाणारा हा माणूस कबीरपंथाचा महंत होतो, पांढऱ्या चांदव्याखाली बसून चौका-आरती करतो, नारळ फोडतो. त्यांना महंत करणारी गादी रायपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, बिलासपूरच्या रस्त्यालगत दामाखेडा येथे आहे. गायक माळव्याचा असला तरी त्याच्यापुढचा पेच समजून घ्यायचा तर छत्तीसगडातच यावे लागते.

रायपूरच्या मराठी घरांत कबीर येतो तो बहुधा कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतून. दामाखेडा हे महामार्गावरच्या पाटीवरचे नाव राहते. मैफलीतला कबीर आणि मठातला कबीर एकमेकांना किती कमी ओळखतात, याचा हा घरगुती पुरावाच म्हणायचा. माहितीपटाने या दोघांना समोरासमोर आणले, आणि तेही एका जिवंत माणसाच्या अंगणात.

कबीर हा पंधराव्या शतकातला काशीचा विणकर. मुसलमान जुलाह्याच्या घरात वाढलेला, तरी मुल्ला आणि पांडे या दोघांनाही न मोजणारा. देवळातली मूर्ती, मशिदीतली बांग, जानवे, सुंता, तीर्थ, श्राद्ध यांपैकी काहीही त्याच्या तडाख्यातून सुटलेले नाही. अशा माणसाच्या नावाने पंथ निघावा, गाद्या स्थापन व्हाव्यात, मठाधिपतींच्या वंशावळी लिहिल्या जाव्यात, हे पाहून पहिल्यांदा हसूच येते. पण ते हसू घाईचे असते. कबीराची वाणी त्याच्या मागे चारशे-पाचशे वर्षे तगली, ती लोकांनी गायली म्हणून, आणि मठांनी पोथ्या जपल्या म्हणूनही. काशीच्या कबीरचौरा मठाची परंपरा सुरत गोपाळ या शिष्याकडे नेली जाते. तिथे ‘बीजक’ हा प्रमाणग्रंथ. बुऱ्हाणपूरची पारखी शाखा त्याहून कडक: तिला अवतार मान्य नाही, चौका मान्य नाही, मनुष्याची पारख करणारी बुद्धी हेच तिचे दैवत. मध्य भारतात सर्वांत जास्त पसरली ती धर्मदासी शाखा, आणि दामाखेडा ही तिचीच गादी.

धर्मदास हा बांधवगडचा सधन वाणी. परंपरा सांगते की कबीराने त्याला उपदेश दिला आणि त्याच्या वंशातल्या बेचाळीस पिढ्या गुरुपदावर बसतील असा आशीर्वाद दिला. पहिले वंशगुरू मुक्तामणिनाम साहेब. त्यांची गादी आजच्या कोरबा जिल्ह्यातल्या कुदुरमाळला होती. पुढे ती रतनपूर, मंडला, धमधा, सिंघोडी अशी फिरत कवर्ध्याला स्थिरावली. त्या जिल्ह्याचे नाव आता कबीरधाम आहे. कवर्ध्यात वारसाहक्कावरून वाद झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बारावे वंशगुरू उग्रनाम साहेब यांनी दामाखेड्याला गादी वसवली. प्रकाशमुनिनाम साहेब हे पंधरावे. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे मेळा भरतो, पांढऱ्या कपड्यांतले लोक लांबलांबून येतात, ‘साहेब बंदगी’ म्हणून एकमेकांना नमस्कार करतात. राज्य सरकारने अलीकडे गावाचे नावही कबीर धर्मनगर दामाखेडा असे केले.

या शाखेचा कबीर ‘बीजका’तल्या कबीरापेक्षा वेगळा आहे. ‘अनुरागसागर’ या तिच्या प्रिय ग्रंथात कबीर हा सत्यपुरुषाने पाठवलेला उद्धारक आहे; तो चारही युगांत येतो: सत्ययुगात सत्सुकृत, त्रेतात मुनींद्र, द्वापारात करुणामय आणि कलियुगात कबीर. या जगावर निरंजन ऊर्फ काळ याची सत्ता आहे. जीव त्याच्या जाळ्यात अडकलेला आहे. सद्गुरूच्या नामाशिवाय सुटका नाही. म्हणजे ज्याने अवतारकल्पनेची टर उडवली तो स्वतःच अवतार झाला. विद्वानांना ही विसंगती वाटते. भक्ताच्या बाजूने पाहिले तर तिच्यात एक तर्क आहे. कबीराचे बोलणे इतके उंचावरचे आहे की तसे बोलणारा माणूस साधा कोष्टी असेल हे त्याला पटत नाही. आदर वाढत जातो तसे माणूसपण पातळ होत जाते. हे एकट्या कबीराच्या वाट्याला आलेले नाही. बुद्धालाही विष्णूचा नववा अवतार करून टाकले गेलेच.

गुरुपद कुणाकडे जावे या प्रश्नाची दोन उत्तरे पंथातच आहेत. एक बिंदवंशाचे: रक्ताने, बापाकडून मुलाकडे. दुसरे नादवंशाचे: शब्दाने, गुरूकडून शिष्याकडे. दामाखेडा पहिल्या बाजूचे; छत्तीसगडातच खरसियासारखी गादी दुसऱ्या बाजूची. कबीराच्या पदांचा रोख पाहिला तर कौल नादाकडे जातो, कारण जन्मावरून मोठेपण ठरवणाऱ्यांशीच त्याचे भांडण होते. पण नादाच्या वारशाची एक अडचण आहे: शब्द ऐकणारे हजार असतात, आणि खरा वारस कोणता हे ठरवणारा कुणी नसतो. रक्ताचा वारस निदान दाखवता तरी येतो. जमिनी, मठ, मेळा आणि शिष्यांची घरे सांभाळायची असली की संस्था बिंदाकडे झुकते. टिपानिया हे नादाच्या वाटेने आलेले. जात खालची, गादी नाही, घराणे नाही. जवळ होता तो फक्त आवाज. त्या आवाजावर बिंदाच्या गादीने महंतपणाची मोहोर उमटवली, तेव्हाच पुढचा संघर्ष ठरून गेला होता.

माळव्यातले हे गाणे गुरूच्या घरी बसून शिकण्याचे नाही. गावोगावच्या भजनमंडळ्यांत रात्री जागवत ते अंगात मुरते. गायक तंबुरा उभा धरतो. शास्त्रीय मैफलीतल्या तानपुऱ्याहून तो बांध्याने साधा, पाच तारांचा. एका हाताची बोटे तारा छेडतात आणि दुसऱ्या हातात करताल वाजत असते, म्हणजे सूर आणि ठेका एकाच माणसाकडे. शेजारी ढोलक, मंजिरी, टिमकी. टिपानियांच्या मंडळीत व्हायोलिनही आहे आणि लोकगीताच्या कडेने जाताना ते अजिबात उपरे वाटत नाही. पद मध्येच थांबते. टिपानिया बोलू लागतात: समोरच्या शेतकऱ्याच्या भाषेत, मास्तरच्या ठाशीव सुरात, कधी चिमटा काढत. कीर्तनातल्या निरूपणाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला हे लगेच ओळखीचे वाटते. गाण्याने माणूस हलतो, बोलण्याने तो कोपऱ्यात सापडतो. मग पुन्हा धृपद, आणि या वेळी तेच शब्द निराळे ऐकू येतात. कॅसेटच्या जमान्यात ही गाणी माळव्याच्या खेड्याखेड्यांत गेली. जत्रेत, चहाच्या टपरीवर आणि ट्रॅक्टरवर वाजू लागली.

या लोकप्रियतेला दुसरीकडूनही बळ मिळाले. देवासमध्ये एकलव्य ही शिक्षणक्षेत्रातली संस्था काम करत होती. १९९१ साली तिने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. दर महिन्याला आसपासच्या मंडळ्या जमत, रात्रभर गात, आणि गाण्यांच्या मध्ये चर्चा होई: जातीवर, अंधश्रद्धेवर, हिंदू-मुसलमान तणावावर. अयोध्येवरून देश तापलेला होता, तेव्हा या मंचाची गरज वेगळी सांगावी लागत नव्हती. कार्यकर्त्यांना कबीर हवा होता तो समाजाचा टीकाकार म्हणून. आत्मा, नाम, मुक्ती या गोष्टींपाशी ते थबकत. मंडळ्यांना मात्र दोन्ही कबीर एकाच पदात सापडत. त्यांच्या दृष्टीने वेगळे करण्यासारखे काही नव्हतेच. टिपानिया या मंचाचा मोठा आधार होते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासक लिंडा हेस पुढे त्यांच्याबरोबर माळव्यात फिरल्या. ‘बॉडीज ऑफ साँग’ या त्यांच्या २०१५ सालच्या ग्रंथात मंचाचा आणि पंथाचा हा ताण सविस्तर आला आहे.

मग महंतपणा आला. धर्मदासी पंथात महंताला मान आहे, आणि एक अधिकारही: चौका-आरती करण्याचा. चौका ही या शाखेची मुख्य पूजा. जमीन स्वच्छ करून त्यावर पिठाने चौकोन रेखतात. वर पांढरा चांदवा ताणतात. कलश, विड्याची पाने, सुपारी, लवंगा, कापूर, कणकेचा दिवा मांडतात आणि महंत आसनावर बसतो. मूर्ती नाही, होम नाही, संस्कृत मंत्र नाही. आहेत ती लोकभाषेतली पदे आणि ढोलक-झांजांच्या साथीने चाललेले भजन. ठरल्या क्षणी महंत दगडावर नारळ फोडतो; काळाच्या सत्तेवर घातलेला तो घाव आहे असे पंथ सांगतो. नव्या शिष्यापुढे गवताची काडी मोडली जाते, म्हणजे मागचे नाते तुटले. गळ्यात कंठी पडते. पानाचा ‘परवाना’ हातात येतो. आनंदप्रसंगी चौका, मृत्यूनंतर ‘चलावा’ चौका, आणि मोठा, एकशे एक पूर्वजांच्या नावे होणारा ‘एकोत्तरी’. निर्गुणाच्या उपासकांनी इतका नेटका विधी रचावा हे विलक्षण आहे. तो ब्राह्मणी पूजेची नक्कल आहे असे टीकाकार म्हणतात, पण त्यात ब्राह्मणाला कुठेच जागा नाही, ही गोष्ट ते सहसा सांगायची विसरतात.

एकलव्यच्या मित्रांना हे सारे खटकले. काल रात्री दगडधोंडे पुजणाऱ्यांची खिल्ली उडवणारे पद गाणारा आज नारळ फोडतो, दक्षिणा घेतो, लोक त्याच्या पाया पडतात: याला काय म्हणायचे? टिपानियांची बाजू अशी होती की पंथाच्या मांडवात हजारो माणसे येतात. बाहेर उभे राहून शिव्या देण्यापेक्षा आत बसून खरा कबीर सांगितला तर तो पोचेल. सुधारणेचा हा युक्तिवाद जुना आहे, आणि तो दरवेळी लबाडीचा नसतो. गावात दलित मास्तर म्हणून मिळणारा मान आणि महंत म्हणून मिळणारा मान यांतले अंतर शहरी कार्यकर्त्याला समजणे कठीणच. ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभे करत नव्हते, त्यांच्या घरातल्या माणसाच्या पायाशी आता बाकीचे बसतात. ही प्रतिष्ठा खोटी म्हणून झटकून टाकण्याचा हक्क तिची कधी गरज न पडलेल्यांना तरी नाही. तरीही प्रश्न उरतोच, कारण कबीराने हल्ला केला होता तो नेमका पाया पडण्यावर. चित्रपटात या शंका फक्त बाहेरून येत नाहीत. महंताच्या आसनावर बसलेल्या माणसालाही त्या सुटत नाहीत.

महाराष्ट्रात हा पेच या स्वरूपात आला नाही, आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. पंढरपुरात संत गात राहिले आणि पूजा बडवे-उत्पातांकडे राहिली. गाणारा वेगळा, पुजारी वेगळा. त्यामुळे कीर्तनकाराला विधीच्या पापपुण्यात पडण्याची वेळ आली नाही. वारकरी गळ्यात माळ घालतो, नामस्मरण करतो, आणि विठोबाच्या पायाशी कोण उभे आहे याची तक्रार करत करत दर्शन घेतो. त्या तक्रारीला फळ यायला शतके लागली. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ सालचा, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची शेवटची मोहोर उमटली २०१४ मध्ये. वारकऱ्यांचे गाणे विधीपासून अलिप्त राहिले, त्याची किंमत ही अशी होती: देऊळ दुसऱ्यांच्या हाती राहिले. धर्मदासी पंथाने उलटे केले. त्याने गाणाऱ्यांच्याच हाती पूजा दिली. देऊळ आपले झाले, पण मग आपल्याच पदांतला पांडे आपल्याच आसनावर येऊन बसण्याचा धोका पत्करावा लागला.

जोतीराव फुल्यांनी तिसरी वाट काढली. कबीराच्या ‘बीजका’तल्या ‘विप्रमती’चा त्यांच्यावर प्रभाव होता. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटाशिवाय लग्न लावून दाखवले. फुल्यांना नेमके कळले होते की पुरोहिताला नुसते शब्दांनी हाकलता येत नाही. लग्न लावायला कुणीतरी लागते, नवऱ्या-नवरीने काहीतरी म्हणावे लागते. म्हणून त्यांनी नव्या मंगलाष्टका रचल्या, ज्यांत वर आणि वधू एकमेकांना वचन देतात. जुना विधी त्यांनी दुसऱ्याच्या हाती सोडला नाही, की आपल्या माणसालाच नव्या भटाच्या आसनावर बसवले नाही. विधीचा अर्थ बोलणाऱ्यांच्या तोंडी दिला.

डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत हा धागा आणखी जवळचा होता. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी. बाबासाहेबांचा जन्म महूचा, म्हणजे माळव्याच्याच मातीतला. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असे ते सांगत. घरात कबीर असूनही त्यांनी कबीरपंथाचा आधार घेतला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. कारण तपासले तर ते तात्त्विक आहे तसे व्यावहारिकही. कबीराची वाणी माणसाला मुक्त करते, पण समाजाला बांधत नाही. आणि पंथ बांधतो तेव्हा तो वाणीलाच बांधून टाकतो, हा अनुभव त्यांच्यापुढे घरातच होता. बुद्धाच्या परंपरेत संघ होता, शील होते, आणि स्वतः लिहून द्यायला मोकळी जागा होती. कबीराला गुरू मानूनही त्याच्या पंथात न जाण्याचा हा विसाव्या शतकातला सर्वांत ठळक दाखला म्हणायला हरकत नाही.

चित्रपटाकडे परत यायचे तर त्याची पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते. विरमाणी अहमदाबादेत राहत असताना २००२ ची दंगल झाली. त्यानंतर २००३ साली बंगळुरूच्या सृष्टी या कला व डिझाइन संस्थेत ‘कबीर प्रोजेक्ट’ सुरू झाला. त्यातून चार माहितीपट निघाले: ‘हद-अनहद’, ‘चलो हमारा देस’, ‘कोई सुनता है’ आणि ‘कबीरा खडा बाजार में’. पहिल्यात सीमेपलीकडचे पाकिस्तानी गायक आणि कव्वाल आहेत, दुसऱ्यात टिपानिया आणि लिंडा हेस यांची मैत्री, तिसऱ्यात कुमार गंधर्वांचा देवासमधला कबीर. चौथा सर्वांत अवघड, कारण त्यात भजनाच्या आनंदामागे दडता येत नाही. विरमाणी स्वतः तंबुरा शिकल्या आणि पुढे कबीर गाऊही लागल्या. म्हणजे ज्याचे चित्रण करायचे त्याचीच शिष्या झालेली दिग्दर्शिका. निवाडा करायला लागणारे अंतर यामुळे कमी होते हे खरे. पण ज्या घरात वर्षानुवर्षे जेवण झाले आहे तिथेच माणूस आपली अडचण बोलून दाखवतो. महंतपणावरचे प्रश्न चित्रपटात आरोपाच्या सुरात येत नाहीत, ते ओळखीतून येतात, आणि म्हणून उत्तर देणाऱ्याला पवित्रा घ्यावा लागत नाही. चित्रपटाची एक उणीव मात्र मान्य करावी लागेल: प्रेक्षक आरंभापासूनच चौक्याकडे शंकेने पाहायला तयार होऊन बसलेला असतो. दामाखेड्याच्या मेळ्यात आलेल्या पनिका किंवा साहू जातीतल्या कुटुंबाला तो विधी आतून कसा दिसतो, हे त्या कुटुंबाच्या नजरेने सांगणारा दुसरा चित्रपट अजून व्हायला हवा.

हाच प्रश्न दुसऱ्या मातीत कसा विरून जातो ते ब्राझीलमध्ये दिसते. मारिया बेथानिया ही बाहिया प्रांतातल्या सांतो आमारो गावची गायिका, जन्म १९४६ चा. मार्सिओ देबेल्लियान यांचा ‘फेवरेइरोस’ हा २०१७ सालचा माहितीपट तिच्या गावातल्या फेब्रुवारीच्या उत्सवांमागे जातो, आणि २०१६ च्या रिओ कार्निव्हलमध्ये मांगेइरा या सांबा संघाने तिच्यावर काढलेल्या विजयी मिरवणुकीमागेही. ती कॅथलिक चर्चमध्ये जाते, आणि आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी जपलेल्या कांदोम्ब्ले धर्माची दीक्षाही तिने घेतली आहे. ओया ही वाऱ्या-वादळाची देवता तिची. या दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नाही, चित्रपटालाही नाही. तिचे गाणे विधीतून उगवते आणि विधीकडेच परत जाते. गाणे विधीवर उलटत नाही. टिपानियांची गोष्ट इथेच वेगळी होते. त्यांच्या तंबुऱ्यावर जी पदे आहेत ती विधीला शत्रू मानतात. बेथानियाला तिचे गाणे कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. कबीर गाणाऱ्याला मात्र प्रत्येक मैफलीत आपल्याच तोंडून आपल्यावरचा आरोप ऐकावा लागतो.

टिपानियांकडे महंतपद पुढे राहिले नाही. गाणे राहिले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते देवासमधून काँग्रेसचे उमेदवार झाले आणि हरले. बाजारात उभे राहण्याचा तो आणखी एक प्रकार. रायपुरातही कबीर गाणारे आहेत: भारती बंधू या नावाने ओळखले जाणारे गायक कव्वालीच्या अंगाने कबीर गातात, आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना महंत व्हावे लागले नाही. शहरातल्या रंगमंचाने गायकाला मठाबाहेर उभे राहायला जागा दिली आहे. खेड्यातल्या भजनमंडळीला ती जागा अजून नाही, आणि तंबुरा-चौक्याचा ताण तिथेच खरा आहे.

टीकाकारांच्या बाजूला एक प्रश्न अनुत्तरित राहतो, तो मरणाचा. घरातला म्हातारा गेला की दहाव्या-तेराव्याला भट नको हे ठरवता येते. पण काहीच नको हे ठरवणे फार थोड्यांना जमते. पारखी साधूला जमते, कारण त्याला घर नसते. छत्तीसगडातल्या कबीरपंथी कुटुंबात अशा वेळी चलावा चौका होतो. महंत येतो, रात्रभर निर्गुणी भजने चालतात, आणि जमलेल्यांत पान वाटले जाते. त्या रात्री म्हटली जाणारी पदे बहुतेक तीच असतात, जी टिपानियांसारखे गायक चौक्याविरुद्ध म्हणून दाखवतात: देह जाणार, हंस एकटा उडणार, जातपात इथेच राहणार. विधीला दुसरे मंत्रच नाहीत. चौका मोडून काढला तरी पदे उरतील, हे सगळेच मान्य करतात. नवी सून, मृताचा मुलगा आणि शेजारची माणसे ती पदे एकत्र बसून ऐकतील असा प्रसंग दुसरा कोणता, याचे उत्तर फुल्यांनी लग्नापुरते दिले होते. कबीरपंथाच्या सुधारकांनी ते मरणासाठी अजून दिलेले नाही, आणि तोवर दामाखेड्याहून नेमलेल्या महंताला बोलावणे येत राहणार.